पासष्टावा नारळ

आमच्या देवीची बहीण नदीपलीकडे, डिचोली तालुक्यात राहते. दर वर्षी फाल्गुनात आमची देवी पालखीत बसून तिला भेटायला जाते आणि गाव तिच्याबरोबर चालत जातो. दोन दिवसांची चाल आहे. कोरगावच्या शेजारून निघायचे, पहिल्या रात्री हळर्णला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून दिवेलागणीपर्यंत बहिणीच्या देवळात पोचायचे.

या चालीत प्रत्येक घराचे एक माणूस असते. त्याच्या हातात तांबड्या फडक्यात बांधलेला त्या घराचा नारळ असतो. वाटेत तो जमिनीला टेकवायचा नाही. माणूस दमले तर त्याने नारळ दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा. मग ते दुसरे माणूस त्या घराचे. चालले कोण, याची कोणी चौकशी करत नाही. नारळ पोचला की घर पोचले.

यादीत चौसष्ट घरे होती. निघताना गाऱ्हाण्यात ती एकेक करून उच्चारतात आणि प्रत्येक घरापाठी सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमचे घर त्यांत नव्हते.

माझे आईवडील दोडामार्गाकडून आले ते काजूच्या बागांत मजुरीला. मी या गावात जन्मलो, इथल्याच शाळेत शिकलो, मत इथेच देतो. घराला पंचायतीचा नंबर आहे, देवळाचा नाही. यादीबाहेरची माणसे पालखीच्या मागे, सगळ्यांत शेवटी, रिकाम्या हातांनी चालतात. माझी आई तीस वर्षांहून जास्त अशी चालली. तिने कधी तक्रार केली नाही. एकदाच, पाय शेकताना, ती बोलून गेली होती, "हात रिकामी आसले की चलताना ते खंय ठेवचे ता समजणा नाय." ते मी विसरलो नाही. मी फारसे काहीच विसरत नाही.

मी खाणीवरच्या ट्रकचा क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग माझे स्वतःचे तीन ट्रक झाले. खाणी बंद पडल्या तेव्हा ते गंजत उभे राहिले. शेवटची काही वर्षे ट्रकांवर जागा दाखवणारी यंत्रे बसवावी लागत. बाकीचे मालक त्या यंत्रांना शिव्या देत, मी ती उघडून बघत असे. ट्रक गेले, यंत्रांची माहिती राहिली. आज डिचोलीत माझे दुकान आहे. भाड्याच्या मोटारी, शाळांच्या बसगाड्या, बोटी, सगळ्यांना मी यंत्रे बसवतो. हे मला कोणी शिकवले नाही आणि कोणी हात धरून पुढे आणले नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पैसा आल्यावर मी देवळाकडे तीनदा अर्ज केला की आमचे घर यादीत घ्यावे. असे काही असले की आमच्याकडे देवीला कौल लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पहिल्यांदा डावीकडची पडली. दुसऱ्यांदा दोन्ही पाकळ्या तशाच सुकल्या. तिसऱ्यांदा दिवस बरा नाही म्हणून लावलाच नाही. पाकळीवर मी रागावलो नाही. ती लावणाऱ्या हातांवर माझा राग होता.

त्या हातांचे मालक म्हणजे गावकार. देवळाच्या कारभारात पहिला मान त्यांचा. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, सरळ पाठीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला कधी वाईट वागवले असे नाही. त्यांनी मला कधी बसायलाही सांगितले नाही. देवळाच्या कमिटीच्या बैठकीत सगळ्यांना कदेल, म्हणजे खुर्ची, मिळे, प्लास्टिकची का होईना. मी पायरीवर.

दोन वर्षांपूर्वी चालीत एक म्हातारे गृहस्थ वाट चुकले. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले, जिवंत, पण आठ दिवस इस्पितळात राहिले. त्यानंतर पोलिसांनी कमिटीला सांगितले की माणसे मोजून न्या आणि मोजून आणा, नाहीतर परवानगी मागायला येऊ नका. मग गावकारांना माझी आठवण झाली.

मी देवळात गेलो तेव्हा मुद्दाम यंत्र खिशातच ठेवले. गिऱ्हाइकाची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे असे दिसले की माल उशिरा बाहेर काढावा, हा माझा नियम आहे.

"ता काय ता दाखय तरी," गावकार म्हणाले.

मी काढले. आगपेटीएवढे, गळ्यात अडकवायचे, मध्ये एक तांबडे बटण. वाटेच्या दोन्ही बाजूंना मी नकाशावर रेघ आखून ठेवणार, ते घालणारा माणूस रेघेबाहेर गेला की माझ्या पडद्यावर ठिपका तांबडा होणार आणि भोंगा वाजणार, असे समजावून सांगितले. मागे चिकटवलेल्या चौकोनावर फोन धरला की घरचा नंबर दिसतो, तेही दाखवले.

"बैल हरवलो तर गावता?" कमिटीतल्या एकाने विचारले.

"बैलाच्या गळ्यात घाल, गावतलो. तुझ्या गळ्यात घातला तरी गावतलो," मी म्हटले. सगळे हसले. गावकार हसले नाहीत.

पैशांचे दोन वाक्यांत मिटले. घासाघीस वेगळ्याच गोष्टीवर होती. मी म्हटले, पासष्टावे घर आमचे. ते म्हणाले, कौल लावू. मी म्हटले, आधी लावा. ते म्हणाले, चाल होऊ दे, यंत्र काय करते ते बघू, मग लावू. मी म्हटले, यंत्र आधी आणि घर मागाहून, हा कुठला न्याय? तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुका आमची गरज नाय तर तू आयलंस कित्याक?"

हे खरे होते, म्हणूनच मला जास्त झोंबले. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "ठीक. यादीत चौसष्ट घरां, चौसष्ट यंत्रां. एक जास्त नाय, एक कमी नाय."

आणि मी तसेच केले. हे सांगणे भाग आहे. घरटी एक यंत्र, नारळ नेणाऱ्याच्या गळ्यात, यंत्रावर घराचा नंबर. पहिला, एक नंबर, गावकारांच्या घराचा. प्रत्येक माणसाला वेगळे यंत्र द्यायला हवे होते, हे माझ्यासारख्या माणसाला कळत नव्हते असे नाही. पण त्यांना यादी एवढी प्यारी, तर घ्या यादीप्रमाणे.

तोपर्यंत आईचे विसरणे सुरू झाले होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितले होते की हे वाढत जाईल. ती चुलीवर रिकामा टोप ठेवायची. पोदेराकडून पाव घेऊन पुन्हा दारात पोदेराची वाट बघत उभी राहायची. पण फाल्गुन आला की तिला चालीची बरोबर आठवण व्हायची. माझी बायको म्हणाली, तिला या वर्षी न्यायचे तर मी तिला सोडणार नाही, आणि तुम्ही तिच्या गळ्यात एक यंत्र घाला.

"आपला घर यादीत नाय," मी म्हटले.

"यादी घेवन काय करतास? पेटीत नऊ यंत्रां पडून आसत."

नऊ होती. मोजून नऊ जादा. मी ती पेटी बंद केली आणि गाडीत मागच्या बाजूला ठेवली. आई यंत्राशिवायच निघाली, बायको तिच्याबरोबर.

पहिला दिवस नीट गेला. मी माझी गाडी पालखीच्या थोडी पुढे ठेवत होतो आणि सीटवर ठेवलेल्या पडद्यावर चौसष्ट ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे सरकताना बघत होतो. हळर्णला मुक्काम झाला. सकाळी निघण्यापूर्वी मी गावकारांकडे गेलो आणि पुन्हा विषय काढला. बघितलेत ना, यंत्र चालते, आता तरी शब्द द्या. ते पालखीच्या दांड्याला हार बांधत होते. मान न वळवता म्हणाले, "ह्या मशीनीन आमचा घर खंय आसा ता सांगला. तुजा घर खंय आसा ता सांगीत काय ती?"

खांदेकरी हसले. त्यांत टोमणा किती आणि सकाळची गंमत किती, हे मला तेव्हाही सांगता आले नसते. मी गाडीत येऊन बसलो. 

त्या वेळी मागच्या बाजूला काय झाले, ते मला नंतर कळले. गावकार स्वतः पालखीबरोबर असतात, म्हणून त्यांच्या घराचा नारळ त्यांची थोरली बहीण नेते. सगळे गाव तिला बाय म्हणते. तिचा गुडघा रात्रीत सुजला होता. ती सामानाच्या टेम्पोत बसणार होती आणि नारळ कोणाकडे द्यावा हे बघत होती. शेजारी माझी आई उभी होती. माझी बायको अंथरुणाच्या गुंडाळ्या टेम्पोत चढवायला गेली होती, ती परत आली तेव्हा दोघी तिथे नव्हत्या. बाय टेम्पोत बसली म्हणजे आईलाही तिने बरोबर घेतले असणार, असे बायकोला वाटले. बायला वाटले, सून आहेच मागे.

सव्वानऊच्या सुमाराला माझ्या पडद्यावर भोंगा वाजला. नंबर एक रेघेबाहेर गेला होता. ठिपका हळर्णच्या किल्ल्याच्या पडक्या भिंती सोडून खाली नदीच्या अंगाला उतरत होता.

मी नीट बघितले. एक नंबर. गावकारांचे घर. म्हणजे बाय. पायाने अधू, सत्तरी उलटलेली बाई, उन्हात, भलत्या दिशेला.

माझ्याकडे गावकारांचा नंबर होता. फोन लावला असता तर ते अर्ध्या मिनिटात कळले असते. मी भोंगा बंद केला. पालखी वळणावर दिसेपर्यंत मी गाडीत बसून राहिलो. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. तो फोनमध्ये दिसला नसता.

पालखी आली. मी उतरून गावकारांच्या बाजूने चालू लागलो.

"तुमचा घर रस्त्यावर नाय," मी म्हटले.

"म्हणजे काय?"

"एक नंबर चुकलो आसा. खंय ता माका दिसता."

ते थांबले. पालखी पुढे चालत राहिली. त्यांचा चेहरा मी बघितला. त्यात मला हवे होते ते सगळे होते, आणि ते बघून मला बरे वाटले.

"खंय आसा? सांग."

"सांगतंय. आधी शब्द देवा. पासष्टावा घर."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले की दुसरा कोणी असता तर मागे सरला असता. मी सरलो नाही. इतकी वर्षे सौदे करत आलो, समोरचा केव्हा वाकतो ते मला कळते.  त्यांनी पुढे जाऊन पालखीच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिलो. देवीक हात लावन दिलो. आता सांग."

मी पडदा दाखवला. ठिपका नदीच्या वरच्या उतारावर थांबला होता. त्याच्याखाली लिहून आले होते की सात मिनिटांपूर्वीची जागा. म्हणजे रेंज गेली होती. आमचे बोलणे चालू असतानाच.

गावकारांनी फोन काढला.  तो चुकून सगळ्यांना ऐकू येईल असाच लागला.

"हां, काय रे?" बायचा आवाज आला.

 "तू खंय आसस?"

"टेम्पोत. कलिंगड खातंय. तुका होया?"

"नारळ? नारळ खंय आसा?"

"नारळ दिलंय. पाय भुंयक टेकाक देणा नाय. ती म्हणाली, बाय, माझ्याकडे दी, मी घेतंय, एकदा. मशीन पण तिच्याच गळ्यात घातलंय, नाय तर तुझो तो जीपीएसवालो माकाच बोलतलो."

"ती कोण?"

"तीच रे. त्याची आवस."

गावकारांनी फोन खाली केला. आवस म्हणजे आई, माझी. मला एवढेच आठवते की रस्त्याच्या कडेला कोणाची तरी चप्पल पडली होती, निळ्या पट्ट्याची, आणि मी तिच्याकडे बघत होतो.

पुढचे सगळे त्यांनी केले. पालखी वाटेत थांबत नाही, ती त्यांनी थांबवली. ती खाली टेकवता येत नाही, म्हणून खांदेकरी ती खांद्यावर घेऊन उन्हात तसेच उभे राहिले. ज्यांना पळता येत होते त्यांनी आपले नारळ, गळ्यातल्या यंत्रांसकट, म्हाताऱ्या बायकांकडे दिले. एकेकीच्या पदरात पाच-पाच, सहा-सहा नारळ. पडद्यावर तेवढे ठिपके एकावर एक येऊन गोळा झाले आणि उताराकडे धावणारी माणसे पडद्यावर कुठेच नव्हती. आपण काय मोजत होतो, ते मला तेव्हा समजले.

शेवटच्या जागेवर मी सगळ्यांच्या आधी पोचलो. तिथे करवंदीची जाळी आणि खाली घळ होती. आई नव्हती. मी हाका मारल्या. मागून टेम्पोतून उतरून बाय आली, एका हाताने काठी टेकत आणि दुसऱ्याने माझ्या बायकोचा खांदा धरून.

"हयसर खंय बघतंस?" ती म्हणाली. "त्या घळीच्या पलीकडे आमची काजूची बाग होती. तुझी आवस पयल्यांदा आयली ती थंयच. आमी दोघी बियो वेचूक जायत असू. तू तेव्हा खंय होतंस!"

आई त्या बागेत मजुरी करायची, हे मला माहीत नव्हते. मी कधी विचारले नव्हते.

ती तिथेच होती. घळीच्या अगदी कडेला, शेवटच्या झाडाखाली बसलेली. आजूबाजूला पिकून पडलेल्या काजूच्या बोंडवांचा वास सुटला होता. डावा हात मांडीवरच्या नारळावर आणि उजव्या हाताने ती बोंडू पायाखाली धरून बी पिरगळून काढत होती. एका हाताने ते काम नीट होत नाही. पुढ्यात मूठभर बिया होत्या. ओठ फुटले होते, कपाळ कोरडे आणि तापलेले. पाय दोन हात पुढे सरकला असता तर खाली घळ होती.

मी तिच्या पुढे बसलो. तिने माझ्याकडे बघितले आणि आदराने पदर सारखा केला.

"मुकादमानू," ती म्हणाली, "आज पाटी कमी भरली. एक हात अडकलो आसा."

बायकोने तिला पाणी पाजले. नारळ घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने तो पोटाशी धरला. गावकार मागे येऊन उभे राहिले होते, त्यांनाही दिला नाही. शेवटी बाय काठी टाकून तिच्याजवळ कशीबशी बसली आणि म्हणाली, "वैनी, आता माझी पाळी. दी." तेव्हा दिला. तांबडे फडके कुठेही मातीने मळलेले नव्हते. बायने तो नारळ टेम्पोत चढताना भावाकडे दिला आणि गावकारांनी तो पुलापलीकडे स्वतः नेला. त्यांचे घर त्या वर्षी पोचले.

आईला आरोग्य केंद्रात दोन बाटल्या सलाईन लावले. संध्याकाळी ती बायकोला विचारत होती की चाल कधी निघणार.

गावकारांनी शब्द पाळला. महिन्याभराने कौल लावला आणि उजवी पाकळी लगेच पडली. ती किती ओली होती याची मी चौकशी केली नाही. लोक म्हणाले, तू जिंकलास. सौदा म्हणून बघितला तर मी त्यांना त्यांच्या बहिणीचा ठावठिकाणा विकला होता. निघाला माझ्या आईचा. माल माझाच आणि वेळ काढणाराही मीच. तरीही मी तो परत केला नाही. मिळालेली वस्तू परत करायची मला सवय नाही.

पावसाळ्याआधी पंचायतीने कमिटीकडे अहवाल मागितला, यंत्रे कशी चालली त्याचा. तो माझ्या दुकानातून छापून द्यायचा होता. यंत्र सगळे लिहून ठेवते. ठिपका रेघेबाहेर कधी गेला. भोंगा कधी वाजला. भोंगा कोणी बंद केला आणि पुढे कोणाला कधी कळवले. भोंगा नऊ सतराला वाजला होता, मी तो त्याच मिनिटाला बंद केला होता. पुढची नोंद नऊ अडतीसची. मधली एकवीस मिनिटे कोरी. ती ओळ गाळून अहवाल छापणे हे माझ्यासाठी चहा ओतण्याएवढे सोपे होते. मी दोन दिवस तो तसाच पडद्यावर ठेवला. मग होता तसा छापला. चांगुलपणा म्हणून नव्हे. माझ्या दुकानात मी यंत्राचे आकडे बदलत नाही, एकदा बदलले की गिऱ्हाईक ओळखते.

देवळात गावकारांनी चष्मा लावून तो वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायची त्यांची पद्धत आहे. बोट त्या ओळीवर थांबले.

"हो मदलो वेळ कसलो?"

"तो माझो," मी म्हटले.

कमिटीतले बाकीचे काही समजले नाहीत. गावकारांनी कागदाची घडी घातली, यादीच्या वहीत ठेवली आणि वहीत पासष्टावे घर लिहिले. मग समोरच्या रिकाम्या कदेलीकडे बघून म्हणाले, "बस."

मी बसलो नाही. हवी होती तेव्हा दिली नाही. आता पाय दुखत नव्हते.

यंदा मी प्रत्येक माणसाला यंत्र दिले. मागून रिकाम्या हातांनी चालणाऱ्यांनाही. त्यावर नंबर घराचा नाही, ज्याच्या गळ्यात आहे त्याचा आहे, आणि ते दुसऱ्याला द्यायचे नाही, हे मी निघण्यापूर्वी देवळापुढे ओरडून सांगितले. तरी दोघांनी दिलेच. गाऱ्हाण्यात आमचे घर आले. चौसष्टाव्या घरानंतर गावकार जरा थांबतात आणि मग आमचे नाव घेतात. म्हाताऱ्या माणसाला दम लागतो, असे बायको म्हणते. चाळीस आणि एकेचाळीस यांच्यामध्ये त्यांना दम लागत नाही, हे मी बघून ठेवले आहे.

आई या वर्षी चालणार नव्हती. तिला आता आपले घरही रोज नवे वाटते. तिला दारापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसवले होते, सांभाळायला बाय येऊन बसली होती. आमचा नारळ बायकोच्या हातात होता. पालखी आमच्या दारावरून जाताना बायको रांगेतून बाजूला आली आणि तिने तो आईच्या दोन्ही हातांत ठेवला.

आईने तो कानाशी धरून हलवला.

"पाणी बरा आसा," ती म्हणाली. "कोणाचो गो?"

"आपलो, आये. आपल्या घराचो."

आई हसली. लहान मुलाने थाप मारली तर हसतात तशी.

"आपला घर खंय यादीत आसा," ती म्हणाली आणि नारळ दोन्ही हातांनी जपून बायकोला परत दिला. "नीट ने हां. भुंयक टेकव नको. दुसऱ्याचो आसा."